धूळ, चिखल आणि दोनशे सीसी

सोलापुरात ना डोंगर ना जंगल, मग ही उंचच्या उंच मोटारसायकल घेऊन तू जाणार कुठं, हा प्रश्न मला सात रस्त्याच्या सिग्नलला शेजारी थांबलेल्या अनोळखी माणसापासून घरी चहाला आलेल्या मामांपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. दुसरा ठरलेला प्रश्न म्हणजे "उडते काय बे ही?" लोकांच्या डोक्यात ऑफरोड, म्हणजे डांबरी रस्ता सोडून रानावनात चालवायची, गाडी म्हणलं की गड्ड्याच्या जत्रेतला मौत का कुआँ नाहीतर मोबाईलवर बघितलेली ती हवेतली उडी, यापलीकडं काही नसतंय. त्यांचा दोष नाही. जाहिरातीत गाडी कायम हवेतच असते, खाली उतरल्यावर तिचं काय होतं ते कोण दाखवतंय.

तर, उडत नाही. म्हणजे उडेलही, पण मी उडवत नाही, आणि एवढी वर्षं आमच्या भागातल्या पाणंदी, ओढे, माळ, नदीकाठ यातनं ही गाडी चालवून माझं एक मत पक्कं झालंय, की या गाड्या आणि त्यावरची माणसं मोडतात ती धाडसानं नाही. मोडतात ती अगदी कंटाळवाण्या कारणांनी. धूळ, पाणी, ढिला नट, उभ्या उभ्या गेलेला तोल, डोक्यात चढलेलं ऊन. ज्याला कंटाळवाणी कामं आवडत नाहीत त्यानं ही गाडी घेऊ नये, सरळ स्कूटर घ्यावी आणि सुखात राहावं.

माझी एक्सपल्स आहे, हिरोची, ती दोनशेवाली. 2019 मध्ये आली तेव्हा आपल्याकडं या किमतीत अशी दुसरी गाडी जवळपास नव्हतीच. 199.6 सीसी इंजिन, पुढचं चाक 21 इंची, मागचं 18, पोटाखाली 220 मिलिमीटर मोकळी जागा, पुढचा शॉकअप 190 मिलिमीटर खाली-वर होतो आणि मागचा 170. हे आकडे मी सांगतोय ते मिरवायला नाही. पुढचं मोठं चाक खड्ड्यात पडायच्या ऐवजी खड्ड्यावरनं जातं, आणि शॉकअपला एवढी चाल असल्यामुळं ज्वारीच्या रानातल्या ढेकळांवरनं जाताना मणका शाबूत राहतो. ताकदीचं म्हणाल तर दोनशे सीसी मातीत भरपूर झालं. मोठ्या इंजिनाच्या जड गाड्या घेऊन रानात जाणाऱ्यांना नंतर ट्रॅक्टर शोधत फिरताना बघितलंय. आपली दीडशे किलोच्या वरची गाडीच आडवी पडली की एकट्यानं उचलताना देव आठवतो.

आता माती. आमच्याकडं दोनच प्रकार, मुरमाड माळ आणि काळी. माळावर मुरूम घट्ट बसलेला असतो तोवर चाक धरतं, पण वर बारीक खडे सुटे झाले की ब्रेक दाबल्यावर गाडी आपल्या मर्जीनं जाते. काळीचं प्रकरण वेगळंच. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पाय आत जाईल एवढ्या, आणि चाक त्या भेगेला आडवं गेलं तर काही नाही, पण भेगेच्या दिशेनं गेलं तर चाक तिच्यातच चालायला लागतं आणि हँडल काही केल्या वळत नाही. आणि पावसात? आमच्याकडं खरा पाऊस जून-जुलैत नाही, सप्टेंबरात. सगळीकडचा पाऊस परतीला लागतो तेव्हा आमचा जोर धरतो, रब्बीची तयारी चाललेली असते, आणि नेमकं तेव्हाच आमच्या ग्रुपमधल्या कुणालातरी रानात जायची हुक्की येते.

ओल्या काळ्या रानात काय होतं ते एकदा नीट सांगतो, कारण ज्यानं बघितलं नाही त्याला खोटं वाटतं. पहिल्या दहा-पंधरा फुटातच टायरच्या गुट्ट्यांमधली फट भरून जाते, टायर गुळगुळीत होतो, म्हणजे तुम्ही महागाचे ऑफरोड टायर टाकलेले असोत की साधे, आता दोन्ही सारखेच. मग चिखलावर चिखल चढत जातो. त्यात ज्वारीची धसकटं आणि काडीकचरा मिसळला की त्याला आणखी जोर येतो, आणि हा सगळा गोळा चाक आणि मडगार्डच्या मधे जाऊन बसतो. साध्या गाडीचं मडगार्ड टायरला चिकटून असतं, तिचं चाक इथंच जाम होतं. ऑफरोड गाडीचं पुढचं मडगार्ड वर चोचीसारखं उंच काढलेलं असतं ते स्टाईल म्हणून नाही, चिखलाला जायला जागा मिळावी म्हणून. पण आमची काळी तीही जागा भरून काढते. मग माणूस काय करतो, रेस देतो. चाक फिरत नाही, क्लच घसरतोय, आणि जळक्या वासाचा एक भपका येतो. तो वास म्हणजे क्लच प्लेटा. वास आला की रेस सोडायची, इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं आणि काडीनं, पान्यानं, हातानं चिखल काढायचा. मग गाडी पहिल्या गिअरमधे टाकून, स्वतः वर न बसता, शेजारी चालत हळूहळू क्लच सोडत बाहेर काढायची. पन्नास फुटाला अर्धा तास जातो. म्हणून उपाय एकच, जायचंच नाही. दोन दिवस चांगलं ऊन पडू द्यायचं. शेतकरी वापश्याची, म्हणजे ओल उतरून रान कामाला येण्याची, वाट बघतो ना, बैल किंवा ट्रॅक्टर रानात घालायच्या आधी, तीच वाट आपणही बघायची. वापसा झाला नसेल तर आपलंही काही काम नाही तिथं.

आणि घरी आल्यावरही काळी सोडत नाही. इंजिनाच्या खालच्या पत्र्याच्या, म्हणजे बॅशप्लेटच्या, आत शिरलेला चिखल इंजिनाच्या उष्णतेनं भाजल्या विटेसारखा होतो. इंजिन हवेवर गार होणारं, त्याच्या पाकळ्यांमधे तो बसला की इंजिनानं श्वास घ्यायचा कुठनं? त्यात वाळलं गवत आणि उसाचं पाचट अडकलेलं असतं, आणि शेजारून सायलेन्सरचा तापलेला पाईप गेलेला. उन्हाळ्यात वाळल्या गवतात गाडी उभी करतानाही हेच ध्यानात ठेवायचं, पाईपाखाली गवत नको. कुणाची तरी कडब्याची गंजी आपल्या छंदापायी जायला नको.

चिखलाचं निदान दिसतं तरी. धुळीचं दिसत नाही, आणि खरी वाट लावते ती धूळ.

एअर फिल्टरबद्दल मी जरा जास्तच बोलतो असं आमच्या घरी म्हणतात. पण एका ओळीत गेलो आणि पुढची गाडी पन्नास फुटावर असली की तुम्ही जे खाताय तेच तुमची गाडी खातेय, फरक एवढाच की तुम्हाला ठसका लागतो, गाडीला लागत नाही. ती धूळ म्हणजे दगडाचं पीठच. ती फिल्टरच्या कडेनं आत गेली की पिस्टन आणि सिलिंडरच्या मधे जाऊन घासत बसते, रिंगा झिजतात, कॉम्प्रेशन जातं, ऑइल जळायला लागतं, आणि मग एक दिवस मिस्त्री हात पुसत पुसत म्हणतो, बोअर करायला आलंय, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतनं कापून मोठा करायचा. मॅन्युअलमधे धुळीच्या भागात फिल्टर लवकर बदला अशी एक ओळ असते. सोलापूर म्हणजे ती ओळ.

कागदी फिल्टर असेल तर तो धुवायचा नसतो. तेल लावलेला कागद असेल तर त्याला हवासुद्धा मारायची नाही, बदलून टाकायचा, काय त्यात पैसे वाचवताय. फोमचा टाकलेला असेल तर तो साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, दाबून पाणी काढायचं, पिळायचं नाही, पिळला की फाटतो. पेट्रोलमधे धुणारे महाभाग आहेत, त्यानं फोमचा डिंक सुटतो आणि शेजारी कुणी बिडी पेटवली तर बाकीचंही सुटतं. सावलीत पूर्ण वाळल्यावर त्याला फिल्टर ऑइल लावायचं, सगळीकडं सारखं, कारण धूळ धरतं ते तेल, कोरडा फोम म्हणजे नुसती चाळणी. आणि बसवताना बसायच्या कडेला ग्रीसचा पातळ थर. शेवटची एक तपासणी आमच्या अशोक चौकाकडच्या मिस्त्रींनी शिकवलेली आहे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. फिल्टर काढला की आतल्या, म्हणजे इंजिनाकडच्या नळीत पांढऱ्या फडक्यानं बोट फिरवायचं. फडकं पांढरं राहिलं तर ठीक. त्यावर मातकट रेघ आली तर फिल्टर कितीही नवा असू दे, कुठनंतरी फट आहे. अण्णा ते फडकं गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर धरतात, बोलत काही नाहीत.

चैनीचं काम मात्र बोलून दाखवावं लागतं, कारण त्यात बोटं जातात. डबल स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर गाडी उभी करायची, इंजिन चालू करून गिअर टाकायचा आणि फिरत्या चैनीवर फडकं धरायचं, ही पद्धत आपल्याकडं गल्लोगल्ली आहे. फडकं स्प्रॉकेटमधे, म्हणजे चैनीच्या दातेरी चाकात, ओढलं जातं आणि त्याच्या मागं बोट. चाक हातानं फिरवायचं, इंजिन बंद, चावी खिशात. दोन मिनिटं जास्त लागतील. ओ-रिंगची चैन असेल तर पेट्रोल नको, रबराच्या रिंगा कडक होतात, चैन क्लीनर वापरा, नाहीतर रॉकेल मिळालं तर रॉकेल. हल्ली रॉकेल मिळणं म्हणजेच एक ऑफरोड मोहीम आहे, ते सोडा. जाड काळं ऑइल थापू नका, आमच्या धुळीत त्याची पॉलिश पेस्ट होते आणि चैन-स्प्रॉकेट दोन्ही खाते. पातळ वंगण, फिरून आल्यावर चैन कोमट असतानाच, आणि रात्रभर मुरू द्यायचं.

आणि चैन ताणायची किती? यात शहरातल्या गॅरेजवाल्यांशी माझं कायम वाजतं. त्यांना चैन तंग दिसली की काम चांगलं झालं असं वाटतं. या गाडीचा मागचा शॉकअप एवढा दबतो की तो दबताना पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या लोखंडी हाताचा, बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात, त्या क्षणी चैन सगळ्यात जास्त ताणलेली असते. उभ्या गाडीला तंग ठेवलेली चैन खड्ड्यात त्या क्षणी एकतर तुटते नाहीतर गिअरबॉक्सच्या बेरिंगवर सगळा भार टाकते. म्हणून स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर लिहिलेला ढिलेपणा पाळायचा, डोळ्याला सैल दिसली तरी.

बाभूळ. आमच्याकडची वेडी बाभूळ कुणी लावत नाही आणि कुणी संपवू शकत नाही, नदीकाठ, कॅनॉलचा बांध, पाणंदीच्या दोन्ही बाजू सगळं तिचंच. काटा टायरमधनं आरपार जातो आणि बाहेरच्या बाजूनं मोडतो, त्यामुळं बाहेरून काही दिसतच नाही. ट्यूब काढून ठिगळ लावून परत घातली, हवा भरली, दहा मिनिटांत परत बसली, का, तर आत टोक तसंच आहे. आतनं बोटानं चाचपायचं नाही, बोट फाटतं. जुन्या बनियनचा तुकडा टायरच्या आतनं फिरवायचा, टोक असेल तिथं तो अडकतो, मग पकडीनं ओढायचं. आणि एक सापडला म्हणून थांबायचं नाही, बाभळीचा काटा एकटा येत नाही. 21 इंची ट्यूब खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडं मिळत नाही, त्याच्याकडं सगळं 17 आणि 18. म्हणून जवळ एकच ट्यूब न्यायची असेल तर पुढचीच न्या, अडचणीला ती मागच्या 18 इंची टायरमधे कोंबून घरापर्यंत येता येतं. उलटं जमत नाही.

हवा कमी करायचा एक मोह असतो. मातीत रोडपेक्षा चार-पाच पीएसआय कमी ठेवली की टायर पसरतो, धरतो, खडे गिळतो. पण ट्यूबचा टायर आहे, फार कमी केली तर दगडावर आपटल्यावर रिमच्या दोन कडांमधे ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, शिवाय ब्रेक मारल्यावर टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. व्हॉल्व्हची ती छोटी गोल चकती रिमला आवळून ठेवू नका, वर टोपीजवळ ठेवा. व्हॉल्व्ह तिरका दिसायला लागला की समजायचं टायर सरकतोय. आणि हायवेला लागायच्या आधी हवा परत भरा, छोटा पंप जवळ हवाच. कमी हवेवर सोलापूर-विजापूर रोडला ऐंशीनं जाणं म्हणजे गाडी डोलत डोलत जाणार आणि टायर तापणार.

बाकीची कामं पटकन सांगतो. स्पोकवर पान्यानं टिचकी मारत जायचं, घट्ट असेल तो खणखणतो, ढिला असेल तो भद्द वाजतो. पुढच्या शॉकअपच्या सीलमधे धूळ बसून तेल गळायला लागलं तर लगेच सील बदलायला पळू नका, जुन्या फोटोच्या निगेटिव्हचा तुकडा सीलच्या कडेनं फिरवून माती काढून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानं थांबतं. पुढचं चाक उचलून हँडल सरळ धरून डावी-उजवीकडं फिरवा, मधेच एका जागी अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेरिंग, गेला. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी ओढतं. ब्रेक-क्लचचे दांडे किंचित खाली झुकवून बसवा, म्हणजे पायदानावर उभं राहिल्यावर मनगट सरळ राहतं, आणि त्यांची पकड इतकीच आवळा की गाडी पडल्यावर दांडा फिरावा, मोडू नये. इंजिन ऑइल गाडी सरळ उभी धरून बघा, साईड स्टँडवर नाही. झालं.

धुण्याबद्दल मात्र थांबतो, कारण तिथं प्रेमानंच गाडी मारली जाते. रानातनं आलं की लोक थेट वॉशिंग सेंटरला, तिथला पोरगा प्रेशरचा पाईप घेऊन चाकाच्या हबवर, चैनीवर, हँडलच्या कोनावर, वायरिंगच्या सॉकेटवर धार सोडतो, गाडी चकाचक. ती धार सीलच्या आत पाणी घुसवते, ग्रीस धुऊन काढते, पुढच्या उन्हाळ्यात बेरिंग किरकिरायला लागतं आणि सगळे म्हणतात, कंपनीनं माल हलका लावला. घरी बादली, मग, ब्रश. चिखल आधी भिजू द्यायचा, मग काढायचा. सायलेन्सरच्या तोंडाला बोळा, गरम इंजिनावर गार पाणी नाही. धुऊन झालं की दहा मिनिटं चालवून ब्रेक वाळवायचे.

चालवण्याबद्दल लोकांना वाटतं की वेगाची भीती असते. मी ज्या मोडलेल्या पायांना भेटायला दवाखान्यात गेलोय ते जवळपास सगळे चालत्या माणसाच्या वेगानं पडलेले होते. गाडी अडते, तोल जातो, माणूस पाय खाली टाकतो, जमीन अपेक्षेपेक्षा खाली असते, आणि गाडी पायावर येते, नाहीतर पायदान मागनं येऊन पोटरीवर बसतं. म्हणून चपला घालून आलेल्याला आम्ही सोबत नेत नाही, भांडण झालं तरी चालेल. घोट्याच्या वर येणारे जाड बूट, गुडघ्याला गार्ड, हातमोजे, आयएसआयचं हेल्मेट. गाडी पडायलाच लागली तर तिला वाचवायला पाय घालायचा नाही, सोडून द्यायची. दांडा नवा मिळतो.

खडबडीत जागी पायदानावर उभं राहायचं, गुडघे किंचित वाकलेले, टाकी गुडघ्यात धरलेली, हँडल सैल, नजर चाकापुढं नाही तर लांब. हँडल आवळून धरलं की प्रत्येक खड्डा खांद्यापर्यंत येतो. ओढ्यात उतरताना पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, इंजिनालाच धरू द्यायचं, पुढचा ब्रेक अगदी हलक्या हातानं. चढणीवर गाडी दम सोडून थांबली तर क्लच दाबायचा नाही. तो दाबला की गाडी मागं घरंगळते, आणि मागं घरंगळती गाडी कुणाच्या बापाला आवरत नाही. गिअरमधेच बंद पडू द्यायची, पुढचा ब्रेक धरायचा, चढाच्या बाजूला उतरायचं, मग शांतपणे वळवायचं. पाणी असेल तर आधी स्वतः चालत जाऊन बघायचं. पाण्यात इंजिन बंद पडलं तर स्टार्टर दाबायचा नाही, आत पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत बाहेर, प्लग काढून पाणी गेलंय का बघायचं, मग पुढचं.

आणि सोलापूरच्या रानातला सगळ्यात मोठा धोका कुठल्याही व्हिडिओत सांगत नाहीत. विहीर. कठडा नसलेली, काठाला गवत वाढलेली, रानाच्या पातळीला आलेली जुनी विहीर. संध्याकाळी सूर्य डोळ्यावर असताना ती दिसतच नाही. त्याच्या जोडीला शेततळी, जमिनीवरनं टाकलेली मोटारीची वायर, ठिबकच्या नळ्या, डुकरांसाठी लावलेली तार. म्हणून वाट सोडायची नाही, अंधारात रानात जायचं नाही, आणि अनोळखी शिवारात आधी बांधावर बसलेल्या माणसाला विचारायचं, "दादा, ही वाट कुठं निघती?" त्यातच परवानगी पण होते, आणि हुरड्याचे दिवस असतील तर बसायचं आमंत्रणही मिळतं. मेंढरं आडवी आली तर इंजिन बंद करून उभं राहायचं. बैल बुजला तर त्याचा मालक तुम्हाला काय काय म्हणेल ते कानडीत असो की मराठीत, समजतं.

एप्रिल-मेबद्दल एकच सांगतो. पारा 42-43 ला जातो, हेल्मेट आणि गार्डच्या आत त्याहून वाईट. पहाटे निघून नऊच्या आत घरी. पाण्यासोबत ओआरएस. डोकं दुखायला लागलं, घाम थांबला, बोलण्यात गडबड व्हायला लागली की ती ट्रिप संपली, सावलीत बसायचं, अंगावर पाणी ओतायचं आणि दवाखाना गाठायचा.

आमच्या ताईचा पोरगा नववीत आहे आणि त्याचा डोळा गाडीवर. भाऊजी म्हणाले, "रानातच तर चालवेल, शिकू दे की." मी म्हणलं, भाऊजी, रानापर्यंत जायला रोडच लागतो. अल्पवयीन पोरगा रोडवर सापडला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 199अ आहे, पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. भाऊजी गप्प. कायद्याचं सोडा, पोराचे पाय अजून जमिनीला नीट टेकत नाहीत. त्याच्या मापाची लहान गाडी, रेस अडवणारा स्क्रू लावलेली, बंदिस्त मैदान आणि शेजारी मोठा माणूस, हे सगळं जमत असेल तर शिकवावं. नाहीतर सध्या तो स्पोक वाजवतो, आणि ढिला स्पोक माझ्याआधी त्याला सापडतो.

कुठं जायचं हा मामांचा प्रश्न राहिलाच. हत्तरसंग कुडलला जातो, भीमा आणि सीनेच्या संगमावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके 940, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आहे. वाटेत काळी, मुरूम आणि नदीकाठची वाळू, तिन्ही मिळतात. वाळूत रेस सोडली की पुढचं चाक रुततं, म्हणून वजन मागं आणि रेस एकसारखी. देवळापाशी गाडी लांब लावून चालत जायचं.

जिथं जात नाही ते म्हणजे नान्नजकडचे माळ. बार्शी रोडला, शहरापासून वीसेक किलोमीटरवर, 1979 पासूनचं माळढोक अभयारण्य. त्याच्या आसपासचे माळ बघून नवीन पोरांचे हात शिवशिवतात, भाऊ, मोकळंय की सगळं. मोकळं काही नाहीये. माळढोक घरटं बांधत नाही, मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. टिटवीचंही जमिनीवरच. काळवीट तिथंच चरतात, लांडगे तिथंच. 21 इंची चाकाला ते अंडं दिसणार आहे का? माळढोक आता दिसला तर नशीब, एवढे कमी राहिलेत, आणि त्यातही आपण आपले टायरचे पट्टे उमटवत फिरायचं. यावर आमच्या ग्रुपमधे दोन-तीन जणांशी वाद झाला, त्यातला एक अजून बोलत नाही. नको बोलू दे.

शेवटी, सेकंडहँड घ्यायला निघालेल्यांसाठी, कारण हल्ली तेच जास्त विचारतात. कितीतरी जण हौसेनं घेतात, चार वेळा रानात जातात, कंटाळतात आणि विकतात, त्यामुळं चांगल्या गाड्याही मिळतात. पॉलिश बघू नका, टाकीवरचे चरे बघू नका, चऱ्यांनी काही होत नाही. स्विंगआर्मच्या खालच्या बाजूला आणि बॅशप्लेटच्या आत बोट घालून बघा, मागच्या स्प्रॉकेटचे दात वाकडे झालेत का बघा, पुढचं चाक उचलून हँडल फिरवा. मालकाला आधी सांगून ठेवा की गाडी गार असताना येणार, तापवून ठेवू नका, गार गाडी सुरू होताना धूर सोडते का ते कळतं. आणि चावी फिरवायच्या आधी एअर फिल्टरचं झाकण उघडायला सांगा. नाही म्हणाला, किंवा स्क्रू ड्रायव्हर सापडत नाही म्हणाला, तर चहा पिऊन निघा.